मालगाडीच्या इंजिनाचा एखादा फोटो आहे का कुणाकडे?

दिवा आणि आसपासच्या रहिवाशांना सार्वजनिक वाचनालयाचं आवाहन

गेल्या दिवाळीत आपल्या दिव्यातल्या एका निवृत्त फिटरकाकांच्या घरी माळा साफ झाला आणि त्यांच्या हस्ताक्षरातल्या तीन वह्या रद्दीत गेल्या. कल्याणच्या डिझेल शेडमधली त्यांची सगळी नोकरी त्यात होती: कुठल्या इंजिनाचा टर्बो कधी उतरवला, तेल कुठून गळत होतं, कोण कुठल्या पाळीला होतं. आम्हाला कळेपर्यंत रद्दीवाल्याचा टेम्पो निघून गेला होता. काका नुसते हसले. आम्हाला मात्र चैन पडेना. शेवटी कार्यकारिणीने ठरवलं की डब्ल्यूडीजी-३ए या मालगाडीच्या डिझेल इंजिनाच्या आपल्या भागातल्या आठवणी, फोटो आणि कागद, जे हाती लागेल ते जमवायचं.

हेच इंजिन का, असं सभेतही विचारलं गेलं. १८५३ च्या बोरीबंदर-ठाणे गाडीची गोष्ट ठाणेकरांना तोंडपाठ आहे, आणि वाफेच्या इंजिनासमोर उभं राहून फोटो सगळेच काढतात. फाटकात आपल्याला ताटकळत ठेवून वाघिणींची रांग ओढत गेलेल्या या इंजिनाला आपण फक्त शिव्या घातल्या.

त्याचं कूळ अमेरिकेतलं. अल्को कंपनीची डब्ल्यूडीएम-२ इंजिनं १९६२ मध्ये भारतात आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती. एक्स्प्रेसला तेच, मालगाडीलाही तेच. मूळ कंपनी १९६९ मध्ये बंद पडली, पण तिचं इंजिन वाराणसीत पुढे चार दशकं सुधारत राहिलं. १९९५ मध्ये याच घराण्यात खास मालगाडीसाठी ३,१०० अश्वशक्तीचं इंजिन निघालं. आधी त्याला डब्ल्यूडीजी-२ म्हणत, पुढे नाव बदललं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, जी म्हणजे गुड्स. तीन म्हणजे तीन हजार आणि ए म्हणजे वरचे शंभर.

खरी करामत खाली, चाकांपाशी आहे. जड गाडी ओढायला लागलं की इंजिनाचं वजन मागच्या चाकांवर जातं, पुढची हलकी होतात आणि रुळावर घसरतात. पावसाळ्यात तर विचारूच नका. जुन्या इंजिनाच्या बोगीत, म्हणजे खालच्या चाकांच्या सांगाड्यात, चाकं फिरवणाऱ्या विजेच्या मोटरी एका दिशेला तोंड करून नव्हत्या. या इंजिनात त्या एकाच दिशेला बसवल्या, त्यामुळे चाकांवरचा भार कमी ढळू लागला. मोटरीच्या अठरा दातांच्या चाकाला आधी पासष्ट दातांचं चाक जोडलेलं असे, इथे चौऱ्याहत्तर दातांचं. त्यामुळे कमाल वेग ताशी १२० वरून १०० किलोमीटरवर आला, ओढ वाढली. वजनही सुमारे १२३ टन, म्हणजे जुन्यापेक्षा दहा टन जास्त. मालगाडीला हेच हवं असतं. आमच्या कट्ट्यावरचे एक निवृत्त ड्रायव्हर म्हणतात, "पहिल्या नॉचला गुरगुरायचं, आठव्या नॉचला घर हलायचं." (नॉच म्हणजे इंजिनाची ताकद वाढवण्याची पायरी. लोको पायलट म्हटलेलं त्यांना आवडत नाही.)

वर विजेची तार असताना हे धूर का सोडतंय, हा लहानपणी आपल्यातल्या अनेकांना पडलेला प्रश्न. मुंबईकडच्या तारांत १,५०० व्होल्टची डीसी वीज होती, बाहेर २५,००० व्होल्टची एसी. डिझेलला दोन्हीकडे सारखंच. कोकण रेल्वेच्या पूर्ण मार्गावर वीज यायला तर २०२२ उजाडलं. आता ही इंजिनं झपाट्याने कमी होताहेत. वाराणसीतच २०१८ मध्ये दोन डब्ल्यूडीजी-३ए जोडून त्यांचं विजेवर चालणारं एक जोडइंजिन केलं गेलं.

तर आम्हाला हवं आहे ते असं. कल्याण किंवा पुण्याच्या शेडमध्ये, रनिंग रूममध्ये (ड्रायव्हर-गार्डच्या विश्रांतीच्या जागी), फाटकावर, सिग्नलच्या केबिनमध्ये ज्यांनी नोकरी केली त्यांच्या वह्या, प्रशिक्षणाच्या काळातले हाताने काढलेले नकाशे, निरोप समारंभाचे फोटो. मागे चुकून इंजिन आलेला लग्नातला फोटोही चालेल. मूळ कागद आम्ही ठेवून घेणार नाही, स्कॅन करून आठवड्यात घरपोच परत. ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांनी नुसतं बोलायला यावं, आवाज मुद्रित करू. चहा आमच्याकडून. एक मात्र हात जोडून सांगतो: रेल्वेचं लोखंड, पितळ, पाट्या काहीही आणू नका. तो कायद्याने गुन्हा आहे.

पैशांचीही गरज आहे. स्कॅनर, ध्वनिमुद्रणाचं यंत्र आणि शाळेतल्या मुलांना आतली रचना दिसेल असं लाकडी मॉडेल, यासाठी साधारण साठ हजार रुपये लागतील. शंभर रुपये दिलेत तरी पावती मिळेल. करात सवलत मिळणार नाही, हे आधीच सांगतो. जमाखर्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फळ्यावर लावू.

वाचनालय सोमवार सोडून रोज संध्याकाळी सहा ते साडेआठ उघडं असतं. जिना चढवत नसेल तर खालून हाक मारा, आम्ही खाली येऊ.

कार्यकारी मंडळ,
सार्वजनिक वाचनालय, दिवा