सोयरीक जुळवताना आजीचे माहेरही विचारावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुळशीची लग्ने लागली की आपल्या सांगली-सातारा भागात स्थळे पाहण्याची लगबग सुरू होते आणि दोन्हीकडची वडीलधारी मंडळी कुळी, देवक व पै-पाहुण्यांची चौकशी बारकाईने करतात. या चौकशीत राहणाऱ्या एका मोठ्या उणिवेकडे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. देवक आणि आडनाव वेगळे निघाले म्हणजे रक्तही वेगळे, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही.

चुलत भावंडे ही आपली भावकी. आडनाव एक, कुलदैवत एक, शेताला शेत लागलेले आणि सुतकही एकत्र, त्यामुळे तेथे लग्नाचा विचार कोणाच्या मनात येत नाही. मावस भावंडांचे आडनाव वेगळे असले तरी त्यांना आपण सख्ख्यासारखेच मानतो. आते-मामे भावंडांची गोष्ट मात्र निराळी आहे. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क पहिला, ही समजूत कृष्णाकाठच्या अनेक समाजांत आजही टिकून आहे, आणि त्याच समाजांत आत्याची मुलगी करून घेणे मात्र बहुधा टाळले जाते. हे सारे भेद रूढीचे आहेत. चुलत, आते, मामे वा मावस, कोणतीही सख्खी नात्यातली भावंडे घेतली तरी आजी-आजोबांची एक जोडी दोघांना सामाईक असते आणि त्यांच्या जनुकांचा सरासरी आठवा हिस्सा, म्हणजे 12.5 टक्के, एकच असतो. मामेबहीण चुलत बहिणीपेक्षा रक्ताने तसूभरही दूरची नाही.

याचा परिणाम पुढच्या पिढीवर होतो. थॅलेसेमियासारख्या आजाराचा सदोष जनुक एकट्या आईकडून वा एकट्या वडिलांकडून आला, तर मूल सहसा धडधाकट असते. दोघांकडून आला, तर आजार प्रकटतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, म्हणजे दोघांकडेही असा एकेक सदोष जनुक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता 25 टक्के असते, आणि एकाच आजोबांकडून तो जनुक दोघांकडे उतरलेला असण्याचा संभव नात्यातल्या लग्नात वाढतो. अशा लग्नांतून जन्मलेली बहुसंख्य मुले निरोगी असतात, हे मी मुद्दाम नमूद करते, कारण घाबरवून सोडण्याने काहीच साधत नाही. तरीही जन्मजात दोषांचे प्रमाण, जे एरवी 2 ते 3 टक्के असते, ते सख्ख्या आते-मामे जोडप्यांत जवळजवळ दुप्पट होते. त्याच दोन घराण्यांत पिढ्यान् पिढ्या मुलींची देवाणघेवाण चालू असेल, तर जवळीक त्याहूनही वाढत जाते.

कायद्यातही हा विचार आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानुसार भावाबहिणीची, दोन भावांची किंवा दोन बहिणींची मुले निषिद्ध नात्यात येतात. रूढी सिद्ध होत असेल तरच सूट मिळते. मामेबहिणीशी झालेले लग्न आपल्याकडे ग्राह्य ठरते ते या सवलतीमुळे. सपिंड नाते, म्हणजे कायद्याने लग्नाला वर्ज्य मानलेले जवळचे रक्ताचे नाते, आईच्या बाजूने तिसऱ्या आणि वडिलांच्या बाजूने पाचव्या पिढीपर्यंत मोजतात, आणि मोजणी स्वतःपासून सुरू होते. म्हणून सख्ख्या मामाची मुलगी सपिंडात येते, पण आईच्या चुलत भावाची मुलगी येत नाही, कारण सामाईक पूर्वज मुलाकडून मोजता चौथ्या पिढीत जातो. तेथे जनुकांचा सामाईक हिस्साही सुमारे 3 टक्क्यांवर उतरतो. एकाला ‘मामा’ आणि दुसऱ्यालाही ‘मामा’च म्हणत असलो, तरी सख्खा की चुलत हे विचारायलाच हवे.

परिचयाच्या एका घरी आलेला बायोडाटा नुकताच पाहिला. त्यात उंची, रास, नाडी, बागायत शेती, देवक, आजोळ आणि पाहुण्यांची आठ-दहा आडनावे होती, पण आजीच्या माहेराचा उल्लेख कोठेही नव्हता. कुंकवाचा कार्यक्रम ठरल्यावर घरातल्या थोरल्या काकी आल्या आणि त्यांनी बोटांवर मोजून सांगितले की मुलाची आजी आणि मुलीची आजी या सख्ख्या बहिणी. चारही आडनावे वेगळी असल्याने कोणाच्या ते लक्षातच आले नव्हते. आपल्या भागात हेळवी दारात येऊन भावकीची वंशावळ वाचून दाखवतात, तलाठी कार्यालयातल्या वारसनोंदीही असतात, पण सासरी गेलेल्या लेकींची वंशवेल कोणीच पुढे लिहीत नाही. थोरल्या काकींसारख्या बायकांच्या स्मरणातच ती राहते.

तेव्हा विवाह मंडळांना, मध्यस्थांना आणि मुला-मुलींच्या पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की बायोडाटात दोन्ही आज्यांची माहेरची आडनावे व गावे लिहावीत आणि शक्य असल्यास चारही पणज्यांचीही लिहावीत. नाडी जुळवायला आपण जितका वेळ देतो, त्याच्या निम्म्या वेळात हे होईल. नाते जवळचे निघाले आणि तरीही लग्न करायचेच असेल, तर साखरपुड्याआधी दोघांची थॅलेसेमियाची रक्ततपासणी करून घ्यावी आणि दोन्ही घरांत दगावलेल्या किंवा जन्मतः व्यंग असलेल्या मुलांची माहिती न लपवता डॉक्टरांपुढे ठेवावी.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
तासगाव, जि. सांगली