कोटुलाच्या मास्तरची गोष्ट

सॅन अँटोनियो, टेक्सास
रविवार रात्र

प्रिय मास्तर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दिवाळी झाली की निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, उरलेली उपाशीपोटी येऊन बसतात, मी इथं राहून असा काय फरक पडतो, असं लिहिलंयस. फोनवर बोललो असतो, पण गेले पंधरा दिवस माझ्या डोक्यात एकच माणूस घोळतोय आणि तो काही काळ तुझ्याच पेशात होता. म्हणून सविस्तर लिहायला बसलोय.

गेल्या शनिवारी आम्ही स्टोनवॉलला जाऊन आलो. केनेडींच्या हत्येनंतर अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या लिंडन जॉन्सनचं हे गाव. पेडर्नॅलिस नदीच्या काठी, २७ ऑगस्ट १९०८ चा त्याचा जन्म. लांबून मुलूख हिरवागार दिसतो, पण बुटाच्या टाचेनं माती उकरली तर दोन बोटांवर पांढरा चुनखडक लागला. असल्या रानात कापूस लावून वर येऊ, अशी त्याच्या बापाची उमेद होती.

बाप, सॅम जॉन्सन, टेक्सासच्या विधानसभेत आमदार होता. पहिल्या महायुद्धात जर्मन वंशाच्या लोकांविरुद्ध वातावरण तापलं, तेव्हा सॅम त्यांच्या बाजूनं उभा राहिला. प्रचाराला निघाला की पोरगा गाडीत शेजारी आणि टेक्सासच्या राजधानीत, ऑस्टिनला, अधिवेशन असलं की पोरगा सभागृहात. आई रिबेका कॉलेज शिकलेली. घरी पाणी विहिरीतून ओढायचं, वीज नाही, पाच लेकरं, आणि तरी ही बाई गावातल्या मुलांना भाषण कसं करावं ते शिकवायची. लिंडन थोरला. चार वर्षांचा असताना घराजवळच्या एकखोली शाळेत जाऊन बसायला लागला. तिथल्या केट बाईंनी मांडीवर घेतलं तरच धडा वाचायचा, नाहीतर नाही. ती शाळा अजून आहे. मी आत डोकावलो तर तुझीच खोली आठवली.

मग १९२० च्या सुमारास कापसाचे भाव कोसळले. सॅमनं कर्ज काढून जमीन घेतली होती, ती गेली, आणि १९२२ मध्ये कुटुंब जवळच्या जॉन्सन सिटी या गावी, जिथं ते आधीही राहत होते, परत येऊन राहिलं. कर्ज मात्र बोकांडी बसलेलंच. कालपर्यंत ज्याला रस्त्यात थांबून नमस्कार करायचे, त्याच्याकडे आता गाव वेगळ्या नजरेनं बघू लागलं. मला वाटतं, गरिबीपेक्षा ही नजर त्या पोराला जास्त लागली. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या घरी काय होतं, हे तुला मी काय सांगायचं!

१९२४ मध्ये सहा जणांच्या वर्गातून तो शाळा संपवून बाहेर पडला. पुढं शिकायचं नाही म्हणून कॅलिफोर्नियाला पळाला, हात हलवत परत आला, मग रस्त्याच्या कामावर मजुरी केली. १९२७ मध्ये सॅन मार्कोसच्या शिक्षक महाविद्यालयात नाव घातलं, तेही उसने पैसे घेऊन आणि तिथंच झाडलोटीचं काम करत. वर्षभरात पैसे संपले, तेव्हा शिक्षण अर्धवट थांबवून त्यानं नोकरी धरली. गाव कोटुला, इथून दक्षिणेला, लारेडोच्या वाटेवर. पगार महिना १२५ डॉलर. वय २०.

ती शाळा मेक्सिकन मजुरांच्या पोरांची होती. गोऱ्यांची शाळा वेगळी. हा पाचवी ते सातवी शिकवायचा आणि वर मुख्याध्यापकही. पोरं न जेवता यायची. कचऱ्याच्या ढिगात फेकलेल्या ग्रेपफ्रूटच्या साली शोधायची, त्यांना चिकटलेली कॉफीची पूड झटकायची आणि उरलेला रस चोखायची. हे त्यानं स्वतः पाहिलं आणि पुढं आयुष्यभर सांगत राहिला. लोक आपला द्वेष का करतात, हे त्या मुलांना कळत नव्हतं, पण द्वेष होतोय एवढं त्यांच्या डोळ्यांत दिसायचं, असं तो म्हणायचा. पहिला पगार हातात आला तसा त्यानं त्यातून खेळाचं सामान आणलं. व्हॉलीबॉल, जाळी, बॅट. घरी आईला पत्र लिहिलं, की शाळेत दोनशेवर मुलं आहेत, प्रत्येकाला एक मिळेल एवढ्या टूथपेस्ट कुठून मिळवून देतेस का? वीस वर्षांच्या पोराला हे सुचावं, मास्तर! शाळेच्या शिपायालाही तो इंग्रजी शिकवायचा.

एक गोष्ट मात्र मला सलते. शाळेच्या आवारात कुणी स्पॅनिश बोललं की तो शिक्षा करायचा, मारायचासुद्धा. इंग्रजी आली तरच ही पोरं वर येतील, असं त्याला मनापासून वाटायचं. पण घरची भाषा तोंडातून काढून टाकणं म्हणजे जिव्हारी घाव घालणंच. तू तांड्यावरच्या मुलांना गोरमाटीतला शब्द आधी विचारतोस आणि मग मराठी सांगतोस. त्यापेक्षा तू कितीतरी बरोबर आहेस.

कोटुलात तो नऊ महिने होता. १९३० मध्ये पदवी, ह्यूस्टनला थोडी मास्तरकी, मग राजकारण, आणि १९३७ मध्ये २८ व्या वर्षी थेट काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद. त्यानंतर त्यानं आपल्या मुलखात वीज नेली, ज्या घरांत त्याच्या आईसारख्या बाया विहिरीचं पाणी ओढून वाकल्या होत्या तिथं.

खरी गोष्ट १९६५ ची. १५ मार्चला काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा मागायला तो काँग्रेसपुढं उभा राहिला आणि कोटुलाबद्दल बोलू लागला. त्या मुलांच्या मुलांना मदत करायची संधी मला मिळेल असं स्वप्नातही नव्हतं, ती आता मिळाली आहे आणि मी ती वापरणार, अशा अर्थाचं तो बोलला. एप्रिलमध्ये गरीब मुलांच्या शाळांना केंद्राचा पैसा देणारा कायदा झाला, तर सही करायला तो त्याच एकखोली शाळेशी गेला आणि शेजारी केट बाईंना बसवलं.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला त्यानं स्थलांतराच्या कायद्यावर सही केली. तोवर भारतातून वर्षाला जेमतेम १०० जणांना इथं कायम राहायला येता यायचं. इथल्या मंडळात गणपतीला उकडीचे मोदक करणाऱ्या आमच्या काकू त्यानंतरच्या पहिल्या लाटेत आल्या. मीही त्याच दारानं आलोय.

व्हिएतनाम मी विसरलेलो नाही. त्या युद्धात त्यानं पोरांमागून पोरं धाडली, त्यात टेक्सासच्या मेक्सिकन वस्त्यांतलीही होती. त्याची माफी मी कोण देणार? पण कोटुलाही तितकंच खरं आहे. नऊ महिन्यांत ती मुलं किती शिकली, यापेक्षा त्यांनी मास्तरला काय शिकवलं ते मोठं निघालं. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये, अध्यक्ष असताना, तो पुन्हा त्या शाळेत गेला होता.

तर बदलीचा अर्ज एवढ्यात देऊ नकोस. जूनपर्यंत तरी थांब. मुलांना खेळायला जाळी नाही, दोरी बांधून खेळतात, असं मागं म्हणाला होतास. आतेभाऊ डिसेंबरमध्ये गावी येतोय, त्याच्याबरोबर दोन व्हॉलीबॉल आणि एक जाळी पाठवतो. टूथपेस्ट किती लागतील तेही कळव, पटावरचा आकडा कळव, हजेरीचा नको.

वहिनींना नमस्कार, छोटीला पापा.

तुझाच दोस्त