फरक्क्याच्या पुलावर वाचायचं पत्र

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला ट्रकमधल्या बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या कागदांच्या, पिशवीत सापडेल. लगेच उघडू नकोस. फरक्क्याला जाम लागतोच. सव्वादोन किलोमीटरचा तो गंगेवरचा पूल ओलांडायला कधी कधी अर्धा दिवस जातो. पुढची गाडी हलत नाही, इंजिन बंद केलंय, चहावाला काचेवर टकटक करतोय, अशा वेळी वाच. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू “हो बाबा, हो बाबा” म्हणतोस आणि तुझं लक्ष रस्त्यावर असतं. ते तिथंच असायला पाहिजे, म्हणून लिहितो.

मागच्या खेपेला तू संबलपूरच्या पुढे होतास, त्या रात्रीची गोष्ट. मी अंगणात खाटेवर पडलो होतो. तुझा आवाज मला ऐकू आला नाही, सूनबाईचा आला. ती एवढंच म्हणाली, “मी हिशेब नाही मागून राहिली.” मग फोन ठेवला आणि नळापाशी बसून घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली. फोन तिने कोनाड्यात उभा करून ठेवला होता, उजेड पडला की दिसावा असा. दोनदा उजेड पडला. दोन्ही वेळा साबणाचा हात पदराला न पुसता तिने मनगटाने फोन ओढून पाहिला. तुझा नव्हता.

आता तीन दिवस तू घरी होतास. दोघं एकमेकांशी नीट वागलात, हेही मी पाहिलं. पण ती गोष्ट तूही काढली नाहीस, तिनेही नाही. आज रात्री तू निघशील आणि ती गोष्ट तुझ्यासोबत कॅबिनमध्ये बसून गुवाहाटीपर्यंत येईल. मला ते नको आहे.

तुला वाटलं ती पहारा ठेवते. त्या दिवशी गाडी नऊ तास उभी होती हे तिला कसं कळलं, ते तू विचारलंसच नाही. फास्टॅगला नंबर तिचा आहे, कारण गाडीच्या हप्त्याचा हिशेब तीच पाहते. तू एकेक टोल ओलांडतोस तसा तिच्या फोनवर मेसेज येतो, इतके रुपये कटले, अमुक प्लाझा. तिने एक दोनशे पानी वही केली आहे. त्यात ती प्लाझाचं नाव आणि वेळ लिहिते. मी एकदा पाहिली. पैशाचा आकडा एकाही ओळीत नाही. नुसती नावं आणि वेळा. त्या दिवशी दुपारी दोन चाळीसला एक नाव लिहिलेलं होतं आणि पुढची ओळ रात्री बारापर्यंत कोरी होती. तेवढ्या वेळात ती किती वेळा उठली-बसली ते मी मोजलं नाही, पण तुझ्या आईने तिच्यापुढे ताट वाढून ठेवलं होतं ते झाकलेलंच राहिलं. आणि तू सांगितलंस काय, तर जेवायला थांबलो होतो. चाकाच्या हबचं बेअरिंग गेलं होतं हे मला दुसऱ्या ड्रायव्हरकडून कळलं, आणि माझ्या आधी तिला.

तू खोटं का बोललास ते मला ठाऊक आहे. तिला काळजी नको. मीही 24 वर्षं हेच केलं. 1989 ला स्टिअरिंग धरलं, 2013 ला साखर निघाली म्हणून सोडलं. तेवढ्या वर्षांत तुझ्या आईला मी एकही पंक्चर सांगितलं नसेल. आपण समजतो की वाईट तेवढं आपल्यापाशी ठेवलं की घरी शांत झोप लागते. घरी काय होतं ते आपण कधी पाहिलेलंच नसतं, कारण आपण घरी नसतो. मी आता पाहतोय.

माझ्या वेळी रस्ताही वेगळा होता. आमचा सहा नंबरचा हायवे. आता त्याच रस्त्याला 53 म्हणतात, पुढे 49, खडगपूरनंतर 16. नाक्यानाक्यावर कागद दाखवत, रांगा लावत जायचो. 2017 च्या जुलैत जीएसटी आला आणि राज्याराज्यांच्या सीमेवरचे ते नाके उठले. तुला त्या रांगा ठाऊक नाहीत, बरंच आहे. घरी फोन नव्हता. गावात एक होता, किराणा दुकानात. एसटीडीचा दर रात्री उशिरा उतरायचा, म्हणून ढाब्याजवळच्या बूथवर रात्री दहानंतर ड्रायव्हरांची रांग. मीटरचे आकडे पळताना डोळ्यांसमोर दिसायचे. इकडे दुकानदार तुझ्या आईला उठवायला पोरगा पाठवायचा, ती पळत यायची, आणि तोवर माझे पैसे संपलेले. म्हणून मी कार्ड लिहायचो. 15 पैशांचं.

1996 ची दिवाळी जवळ आली होती. आंबिया बहाराची तोड सुरू होती आणि मी संत्रा भरून बांगलादेशच्या सीमेवर गेलो होतो. पेट्रापोलच्या अलीकडे, बनगावला, गाड्यांची रांग लागली होती. अकरा दिवस उभा राहिलो. ताडपत्री रात्री उघडायची, सकाळी झाकायची, तरी खालच्या थरातला माल पाणी सोडायला लागला. तो वास अजून नाकात आहे. गाडी खाली करून, परतीचं भाडं शोधून, घरी आलो तो सव्वीसाव्या दिवशी.

गोठ्यात गेलो. आपली गवळाऊ गाय नव्हती. खुंटा मोकळा, दावं नीट गुंडाळून वर ठेवलेलं. तुझी आई म्हणाली, विकली. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर ओरडलो. कोणाला विचारून विकली? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “विचारू कोणाले? तुमी कुठी हाये हे मले मालूमच नोतं.”

तू आत गोधडीवर झोपला होतास. तीन वर्षांचा. टायफॉइड होऊन गेला होता, केस गळून डोकं उघडं पडलं होतं. तिने एकटीने तुला एसटीने अमरावतीला नेलं होतं, आठ दिवस दवाखान्यात बसली होती. गाय त्याच्यासाठी गेली. हे कळल्यावरही मी माफी मागितली नाही. गप्प बसलो आणि तीन दिवसांनी पुढची खेप घेऊन निघून गेलो.

त्या खेपेला कलकत्त्याला ट्रान्सपोर्टच्या हपिसात मुन्शीने माझ्या हातात दोन कार्डं दिली. महिन्यापासून पडली होती. एकावर, बाळाला ताप आहे, उतरत नाही. दुसऱ्यावर, दवाखान्याला पैसे लागतील, गाय काढावी म्हणते, तुमचा विचार कळवा. म्हणजे तिने विचारलं होतं. सातवी शिकलेल्या तुझ्या आईने, तुझ्या उशाशी बसून, पेनाने दाबून दाबून लिहिलं होतं, “कळवा”खाली कार्ड फाटलं होतं. मी तिथंच हमालांच्या गर्दीत उभ्याने ती वाचली. रस्ताभर मला वाटत होतं की घर माझ्याशिवाय मनाला येईल तसं चालतं. घर तर मला विचारत होतं, आणि मी बनगावच्या रांगेत संत्री सडताना पाहत होतो.

घरी येऊन मी तिला ती कार्डं दाखवली. माफी तेव्हा मागितली. ती म्हणाली, “आता जेवून घ्या.”

तेव्हापासून एक केलं. पंक्चर सांगायला तरीही नाही शिकलो, पण जिथे थांबलो तिथून कार्ड टाकायचं. त्यात काही फार नसायचं. खडगपूरला आलो. पाऊस आहे. वरण-भात मिळाला. असलंच. ते बहुतेक वेळा माझ्या मागून यायचं. मी घरी येऊन चार दिवस झालेले असायचे आणि पोस्टमन माझ्याच हातात माझंच कार्ड द्यायचा. मला वाटायचं ते वाया गेलं. गेल्या वर्षी तुझ्या आईने सांगितलं की ती ते कार्ड वाचायचीच नाही. कोनाड्यात उलटं ठेवायची. मी निघालो की त्या संध्याकाळी दिवा लावल्यावर वाचायची, म्हणजे त्या दिवशीही माझ्याकडून काहीतरी आल्यासारखं व्हायचं. मला इतक्या वर्षांनी हे कळलं.

आणि कार्ड नसलं तर ती कपड्यांवरून वाचायची. पाण्यातून लाल गाळ उतरला की क्योंझरची लोखंडाच्या खाणींची माती, काळा उतरला की कोळसा भरला होता. नळापाशी बसून ती माझा रस्ता धुवायची. सूनबाईची वही मी पाहिली तेव्हा मला ते लाल पाणी आठवलं. मेसेज सूनबाईच्या काळातला आहे, एवढाच फरक. ती तुझी वाट पाहते रे, आणि वाट पाहायची तर वाट दिसावी लागते.

मला स्वतःला हे कधी कळलं? 2015 ला. तुझी आई रुक्मिणीच्या पालखीसोबत कौंडिण्यपूरहून पंढरपूरला पायी गेली होती ते तुला आठवत असेल. चारशे वर्षांहून जुनी आपल्या जिल्ह्याची पालखी, महिन्याहून जास्त चालते. आयुष्यात पहिल्यांदा ती रस्त्यावर आणि मी घरात. कोणाच्या तरी फोनवरून दोन-तीन दिवसांनी बोलायची, “बरी आहे, पाय दुखत नाही.” मला खात्री होती की दुखतो. माझा राग राग व्हायचा, की गावाचं नाव तरी सांग, कुठे मुक्काम, कोणाच्या अंगणात झोपलीस. तेव्हा उमगलं की “बरा आहे” ऐकून घरच्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही. कौंडिण्यपूरच्या त्याच रुक्मिणीने द्वारकेला निरोप पाठवला, केवढा लांबचा रस्ता, ब्राह्मणाच्या हाती दिलेलं पत्र. त्यात प्रेम होतंच, पण लग्नाच्या आदल्या दिवशी ये, मी गावाबाहेर देवीच्या देवळात येईन, हेही लिहिलं होतं. दिवस आणि ठिकाण. आपल्या मातीतली बाई आहे ती.

म्हणून तू तेवढं कर. बेअरिंग गेलं तर बेअरिंग गेलं म्हण. कोणत्या गावाजवळ, मिस्त्री आला का, किती वेळ लागेल. तिला गाडीतलं कळत नाही असं समजू नकोस, हप्ते भरणाऱ्या बाईला बेअरिंगची किंमत तुझ्याहून आधी कळते. घाबरेल, घाबरू दे. तुझ्यासोबत घाबरेल. त्या रात्री ती एकटी घाबरली.

आणखी एक, छोटंसं. गुवाहाटी आपल्यापासून इतकी पूर्वेला आहे की तिकडचा दिवस जवळजवळ तासभर आधी संपतो. घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एक. आसामातल्या चहाच्या बागा म्हणूनच आपलं घड्याळ तासभर पुढे ठेवतात, बागान टाइम म्हणतात, तू ऐकलं असशील. डिसेंबरात तिकडे साडेचारला सूर्य बुडतो. तू सहाला फोन करतोस तेव्हा तुझ्या डोळ्यांवर रात्र आलेली असते, थकलेला असतोस, तुला निवांत बोलायचं असतं. इथे त्याच वेळी नुकती दिवेलागण, चूल पेटलेली, गाय दावणीला यायची, तुझ्या आईची गोळी द्यायची. ती “हं, हं” करते आणि तुला वाटतं तिचं मन नाही. तिला सांग की तिकडे अंधार पडून दीड तास झाला. तिला हे कोणी सांगितलेलंच नाही. नऊला कर फोन, भांडी झाल्यावर. आणि गाडी बाजूला लावून. चालत्या गाडीत भांडण नको, चालत्या गाडीत लाडही नको. मनाला लागलेलं घेऊन घाट उतरू नये. ढाब्यावर अंग टाक, डोळा लागू दे, मग निघ.

घरी येशील तेव्हाचं मी काही लिहीत नाही. गाय लिहिली आहे, तेवढं पुरे. शिलाई मशीन तिने तुझ्या खोलीत खिडकीपाशी हलवलं आहे, तू या वेळी त्याच्याकडे दोनदा पाहिलंस. उजेड तिथेच येतो.

ताडपत्रीचा मागचा उजवा दोर घासला आहे. मी सकाळी पाहिला. नवा दोर सीटखाली ठेवला आहे, भरती झाल्यावर तोच बांध. आईने शेंगदाण्याचे लाडू डब्यात दिले आहेत, क्लीनरलाही दे.

या पत्रासोबत एक कार्ड आहे. जुनं, खडगपूरचा शिक्का आहे बघ. वाचून झालं की तिला फोन कर, फरक्क्याला अडकलो आहे म्हण, पुढे किती गाड्या दिसतात ते सांग. आणि कार्ड हरवू नकोस. तुझ्या आईने ते मोजून दिलं आहे, परत मागेल.

तुझे बाबा