आयटीआयच्या मुलांसाठी यंत्र, मिस्त्री आणि जागा द्या : सभासद कारखानदारांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

यंत्रकामातले नामवंत कारागीर म्हादबा मेस्त्री यांचे नाव अभिमानाने सांगणाऱ्या कोल्हापुरात कुशल कामगार मिळू नयेत, हे आपणा सर्वांनाच खटकते. सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) सेटिंग करणारा किंवा ओतकामाच्या साच्यात कोअर (नगात पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) नीट बसवणारा मुलगा मिळत नाही, ही तक्रार शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंतचे सभासद प्रत्येक सभेत मांडतात. त्या तक्रारीतूनच संघटनेने आपल्या भागातील आयटीआयबरोबर काम सुरू केले. उद्यमनगरातील एका ज्येष्ठ सभासदांनी ज्या लेथवर कारखाना उभा केला, तोच स्वखर्चाने दुरुस्त करून आयटीआयला दिला आणि तो बसवताना लेव्हल तपासायला स्वतः उभे राहिले. शिरोलीच्या दोघा फौंड्रीमालकांनी मुलांना प्रत्यक्ष ओतकामाच्या वेळी बोलावले; वाळूत ओल राहिली की नगात ब्लोहोल (वाफेने पडणारे पोकळ भोक) कसे पडते, हे मग त्यांना फळ्यावर शिकवावे लागले नाही. एका निवृत्त पॅटर्नमेकर (ओतकामाचे नमुने बनवणाऱ्या) मिस्त्रींनी तर रिक्षाभाडेही न घेता दर शनिवारी धातू गार होताना किती आकसतो याचा हिशोब शिकवला. ती मुले आज आपल्याच कारखान्यांत आहेत.

गेल्या वर्षी सर्व सभासदांना पत्रे पाठवली, त्यांतील बहुतेकांना उत्तर आले नाही. मुले तयार झाल्यावर मात्र ‘कोणी असेल तर पाठवा’ असे फोन भरपूर आले. हे लिहिताना संकोच वाटतो, पण न लिहिता राहवत नाही.

शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्याने, कंत्राटी कामगार धरून, २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावयाचे असतात. ४० कामगारांमागे किमान एक, एवढाच तो भार आहे आणि विद्यावेतनाचा काही वाटा ठरलेल्या मर्यादेत केंद्र सरकार उचलते. दुहेरी प्रशिक्षण पद्धतीत आयटीआयशी करार केल्यास मुले अभ्यासक्रमाचा काही काळ आपल्याच शॉपमध्ये शिकतात.

यंदा हवे : चालू स्थितीतील एक सीएनसी लेथ किंवा व्हीएमसी (उभे मिलिंग यंत्र), मोजमापासाठी व्हर्नियर, मायक्रोमीटर, आठवड्यातून दोन तास एक अनुभवी मिस्त्री, शिकाऊ उमेदवारांसाठी जागा. होकार दसऱ्यापूर्वी कार्यालयात लेखी द्यावा, देणगी संघटनेच्या नावे धनादेशाने, पावती लगेच, वाहतुकीची जबाबदारी संघटनेकडे. यंत्र जुने चालेल, मात्र स्पिंडल (मुख्य फिरता दांडा) गेलेले पाठवू नये. मागे एक आले होते, ते उतरवून पुन्हा भंगारात पोहोचवण्याचा खर्च संघटनेलाच पडला.

आपला,
सचिव