लिनक्स नेमके कुठे अडते, हे मराठीत सांगा

महोदय,

विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. नोंदणी करणाऱ्यांना वर्षभराची वाढीव मुदत मिळाली असली, तरी तीही ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आमच्या सेलूसारख्या तालुक्याच्या गावात पुण्या-मुंबईच्या कार्यालयांतून उतरलेले सेकंडहँड संगणक घेऊन मुलांना शिकवणारी पुष्कळ घरे आहेत आणि त्यांच्याकडची यंत्रे या अटीत बसत नाहीत. त्यांत बिघाड काहीच नसतो. अशी माणसे आता विंडोजऐवजी लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीकडे वळत आहेत, ही माझ्या दृष्टीने आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्यांतील कितीतरी जण पहिल्याच संध्याकाळी हात टेकतात आणि ‘आपल्या कम्प्युटरला लिनक्स चालत नाही’ असे म्हणून यंत्र माळ्यावर टाकतात किंवा भंगारात देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे. गेले वर्षभर शेजारच्या मुलांचे, जुन्या विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या ओळखीच्यांचे संगणक माझ्याकडे येत आहेत. त्या अनुभवावरून मी खात्रीने सांगतो की लिनक्स बसवताना येणाऱ्या अडचणी मोजक्या असतात, त्यांची कारणे माहीत असतात आणि बहुतेक वेळा चूक इन्स्टॉलेशन सुरू होण्याच्या आधीच झालेली असते. फक्त त्या चुकीला नाव काय, हे त्या माणसाला त्याच्या भाषेत कोणी सांगितलेले नसते.

सुरुवात फाइल उतरवण्यापासून होते. लिनक्स मिंट आणि उबुंटू ही लिनक्सची दोन प्रचलित रूपे. मिंटची फाइल सुमारे ३ जीबीची असते आणि उबुंटूची जवळजवळ तिच्या दुप्पट. आमच्याकडे बहुतेकांचे इंटरनेट मोबाइलचे, आणि रिचार्ज दिवसाला दीड जीबीचा. त्यामुळे फाइल दोन-तीन दिवस थांबत-थांबत उतरते, मध्येच रेंज जाते आणि शेवटी हाती येते ती कधी अपुरी, कधी खराब झालेली असते. अशा फाइलवरून इन्स्टॉलेशन सुरूही होते, पण निम्म्यावर जाऊन अडकते आणि दोष मात्र हार्ड डिस्कवर जातो. यावरचा उपाय विनाखर्चाचा आहे. प्रत्येक फाइलबरोबर तिच्या संकेतस्थळावर ६४ अक्षरांचा एक पडताळणी-संकेत दिलेला असतो. आपल्याकडे उतरलेल्या फाइलचा संकेत विंडोजमध्येच एका आज्ञेने काढता येतो, आणि दोन्ही संकेत अक्षरन् अक्षर जुळले तरच पुढे जावे. मी पाहिलेल्या ‘लिनक्स बसत नाही’ या तक्रारींपैकी काही केवळ फाइल नव्याने उतरवल्यामुळे मिटल्या.

त्यानंतरची नेहमीची चूक म्हणजे ती फाइल पेनड्राइव्हमध्ये नुसती कॉपी-पेस्ट करणे. तेवढ्याने पेनड्राइव्ह बूटेबल होत नाही, म्हणजे त्यावरून संगणक सुरू होत नाही. त्यासाठी रूफस किंवा एचर यांसारख्या साधनानेच फाइल लिहावी लागते, आणि तसे करताना पेनड्राइव्हमधले आधीचे सगळे पुसले जाते, हे मुलांना दोनदा सांगावे लागते. पुढे संगणक सुरू करताना बूट मेनू, म्हणजे तो कशावरून सुरू करायचा हे निवडायची यादी, उघडावा लागतो. डेल आणि लेनोवोच्या बऱ्याच यंत्रांत तो एफ १२ ने आणि एचपीच्या बऱ्याच यंत्रांत एफ ९ ने उघडतो. ही कळ माहीत नसल्यामुळे पेनड्राइव्ह लावूनही विंडोजच सुरू होते.

ज्यांना विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवायचे आहे, त्यांनी आधी दोन गोष्टी पाहाव्यात. विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद करावे, कारण ते सुरू असताना शट डाउन केले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि अशा स्थितीत लिनक्सला विंडोजच्या भागातील फायली वाचता येतात पण त्यांत लिहिता येत नाही. दुसरी गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे विंडोज डिस्कवरील माहितीला लावते त्या कुलपाची, आणि ती मी स्वतः चूक करून शिकलो. माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर काम करताना मी आधी काहीही न तपासता सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सुरक्षा-सोय) बंद केले. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तो थेट निळ्या पडद्यावर आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागू लागला. त्याचा प्रबंध त्याच डिस्कमध्ये होता. की त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली होती, पण त्या खात्याचा पासवर्ड आठवायला आणि बदलायला आम्हाला रात्रीचा एक वाजला. तेव्हापासून मी कोणाच्याही यंत्राला हात लावण्यापूर्वी ती की कागदावर लिहून घेतो आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे काढतो. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये हे कुलूप मालकाच्या नकळत सुरू असते, म्हणून हा इशारा ठळक अक्षरांत छापण्यासारखा आहे.

काही लॅपटॉपमध्ये इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. तेथे बायोसमधील (संगणकाच्या मूळ मांडणीच्या पडद्यावरील) डिस्क हाताळण्याची इंटेल आरएसटी ही पद्धत बदलून एएचसीआय करावी लागते, मात्र विंडोज ठेवायचे असेल तर ते एकदम बदलू नये, आधी विंडोज सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अत्यावश्यक भागांसह, सुरू होईल अशी तजवीज करावी. फार जुन्या, ३२ बिटच्या यंत्रांसाठी आता पर्याय कमी राहिले आहेत: उबुंटूने २०१७ पासून आणि मिंटने २०२० पासून अशा यंत्रांसाठी आपली मुख्य आवृत्ती देणे थांबवले आहे.

आता ज्या अडचणीमुळे सर्वाधिक लोक परत फिरतात, त्या वायफायविषयी थोडे विस्ताराने लिहितो. बारावीत शिकणाऱ्या एका शेतकऱ्याच्या मुलाने स्वतःच लिनक्स मिंट बसवले होते. दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, “सर, वायफायच दिसंना. दुकानात म्हणले, लिनक्सला वायफाय चालत नसतं.” त्याच्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमची वायफाय चिप होती. या कंपनीच्या काही चिपांचे ड्रायव्हर (चिप चालवणारे सॉफ्टवेअर) मुक्त स्वरूपात उपलब्ध नसल्यामुळे ते लिनक्सबरोबर आपोआप बसत नाहीत, वेगळे घालावे लागतात. आणि वेगळे घालायला इंटरनेट हवे, जे वायफायविना मिळत नाही, असा हा पेच असतो. तो सोडवायला आम्हाला लागली ती फक्त मोबाइल चार्ज करायची डेटा केबल. मोबाइल यूएसबीने जोडून त्यातील यूएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट केबलने संगणकाला देण्याची सोय, सुरू केले की लिनक्स त्याला वायरचे इंटरनेट समजते. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडायचा, सुचवलेला ड्रायव्हर निवडायचा आणि तो बसेपर्यंत थांबायचे.

तरीही त्याचे वायफाय सुरू झाले नाही, आणि खरी खोच येथेच होती. सिक्युअर बूट सुरू असेल तर बाहेरून आलेल्या अशा ड्रायव्हरवर मालकाची संमती नोंदवावी लागते. त्यासाठी ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते, आणि संगणक पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा येतो. तो पडदा दहाच सेकंद थांबतो. तेवढ्यात एखादी कळ दाबून ‘एनरोल मॉक’ (मालकाची संमती नोंदवा) हा पर्याय निवडला आणि तो पासवर्ड दिला तरच ड्रायव्हर कामाला लागतो. नाही दाबली तर संगणक नेहमीसारखा सुरू होतो, कोणतीही चूक दाखवत नाही, आणि वायफाय मात्र बंदच राहते. त्या मुलाने निळा पडदा पाहिला होता, पण निळा पडदा म्हणजे बिघाड हे विंडोजमुळे मनात पक्के बसलेले असल्याने तो घाबरून काहीही न दाबता बसला होता. आम्ही नोंदणीची विनंती पुन्हा पाठवली, संगणक पुन्हा सुरू केला, आणि या वेळी कळ त्याने स्वतः दाबली. घरच्या वायफायचे नाव यादीत उमटले तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

एनव्हिडिया कंपनीचे ग्राफिक कार्ड असलेल्या संगणकात काही वेळा इन्स्टॉलेशननंतर पडदा काळाच राहतो. तेथेही यंत्र मेलेले नसते. सुरुवातीच्या ग्रब मेनूत (कोणती प्रणाली सुरू करायची ते विचारणाऱ्या यादीत) ई दाबून ‘नोमोडसेट’ हा शब्द योग्य ओळीत घातला की पडदा उजळतो आणि मग योग्य ड्रायव्हर घालता येतो. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या संगणकात विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडते, त्याचे कारण तर आपल्या देशाच्या वेळेतच आहे: लिनक्स यंत्रातील घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते आणि विंडोज तीच वेळ भारतीय वेळ समजून वाचते. एका आज्ञेने दोघांचा मेळ बसतो.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती म्हणजे वीज. डेस्कटॉपला बहुधा यूपीएस नसतो, असला तर त्याची बॅटरी उतरलेली असते. इन्स्टॉलेशनच्या मध्ये वीज गेली तर ते पुन्हा पहिल्यापासून करावे, त्यात नुकसान फक्त वेळेचे होते. अद्यतन चालू असताना गेली तर पुढच्या वेळी संगणक स्वतःच सांगतो की काम अर्धवट राहिले आहे आणि ते पूर्ण करण्याची आज्ञाही दाखवतो. वारंवार वीज जाऊन कधी काळ्या पडद्यावर ‘इनिट-रॅम-एफ-एस’ असे शब्द येतात आणि संगणक पुढे सरकत नाही. तेव्हा डिस्क तपासणारी एफएससीके ही आज्ञा दिली की बहुतेक वेळा तो पुन्हा सुरू होतो. याच संदर्भात मदरबोर्डवरील नाण्याएवढ्या सीआर २०३२ बॅटरीचा उल्लेख करतो. ती संपली की मुख्य बटण बंद होताच संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि मग ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित आहे असे सांगतो आणि अद्यतनेही उतरत नाहीत. लिनक्समध्ये इंटरनेट चालत नाही म्हणून आलेला एक संगणक मी केवळ ती बॅटरी बदलून परत पाठवला आहे.

लिनक्स सर्वांनी घ्यावे असे माझे म्हणणे नाही. ज्यांचा हिशेब टॅलीवर आहे, ज्यांना डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल किंवा बोटांच्या ठशांचे यंत्र रोज वापरावे लागते, त्यांनी आपले साधन लिनक्सवर चालते याची खात्री होईपर्यंत बदल करू नये. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमधील कागदपत्रे ज्यांच्याकडे साठलेली आहेत, त्यांनाही ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागतील. एरवी मराठी टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये तयारच असतो. परंतु अभ्यास, इंटरनेट, पत्रव्यवहार आणि लेखन एवढेच ज्यांचे काम आहे, अशा घरांना ४ जीबी मेमरीच्या यंत्रावरही लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चांगली पुरते, आणि मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सच्या आज्ञा आणि लिब्रेऑफिस यांचे मराठी पाठ आहेत, ते मी मुलांना आवर्जून दाखवतो. पण ते उपयोगी पडतात यंत्र सुरू झाल्यावर. त्याआधीच्या त्या पहिल्या संध्याकाळी, दहा सेकंदांच्या निळ्या पडद्यासमोर बसलेल्या मुलाला इंग्रजी सूचनांखेरीज काही हाती लागत नाही. वृत्तपत्रांतून लिनक्सची माहिती येते ती बहुधा त्याचा इतिहास आणि फायदे सांगणारी असते. माझी आपणास विनंती आहे की आपल्या मराठवाडा आवृत्तीत आठवड्यातून एकदा थोडी जागा केवळ अशा अडथळ्यांसाठी द्यावी: एका वेळी एकच अडचण, पडद्यावर दिसणारे शब्द जसेच्या तसे, त्यांचा मराठीत अर्थ आणि करावयाची कृती. तालुक्याच्या गावांतील संगणक दुरुस्तीच्या दुकानदारांनाही माझे सांगणे आहे की ‘चालत नाही’ असे म्हणण्याआधी एक डेटा केबल लावून पाहावी. आपण जागा दिल्यास पहिले काही मजकूर मी स्वतः, कोणत्याही मानधनाशिवाय, लिहून पाठवीन. बिटलॉकरचा मजकूर तयार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
सेलू, जि. परभणी