ताकदीने अंग आखडत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपती पोचवून झाले की आमच्या सिंधुदुर्गात तालुकास्तरीय शालेय स्पर्धांची धांदल सुरू होते. संघ निवडताना काही शाळांत खेलो इंडियाच्या तपासणीतली ती चाचणी घेतात : पाय सरळ पसरून बसायचे, पायांचे तळवे समोरच्या पेटीला टेकवायचे आणि वाकून बोटे कुठवर पोचतात ते मोजायचे. चाचणी सोपी आहे, वाईटही नाही. पण तेवढ्या आकड्यावरून पोराला ‘ताठर’ ठरवून बाजूला काढतात, हे काही पटत नाही.

पेटीवरच्या आकड्यात स्नायूंइतकाच हाडांचाही वाटा असतो. पाय लांब आणि हात आखूड असतील, तर मांडीमागचा स्नायू मोकळा असूनही बोटे मागेच राहतात. त्यात हे वय. मुली साधारण बाराव्या वर्षी आणि मुलगे चौदाव्या वर्षी सर्वांत झपाट्याने वाढतात, वर्षाला आठ-नऊ सेंटीमीटरसुद्धा; आणि आधी पाय लांबतात, धड मागाहून. १४ वर्षांखालचा गट नेमका या वाढीत सापडतो. गेल्या वर्षी सहज पोचणारा मुलगा यंदा अडला की ‘आळशी झालास’ म्हणून बोलणी खातो. मग ‘वाक रे आणखी!’ म्हणत कुणीतरी पाठीवर भार देतो. तो प्रकार तर ताबडतोब थांबायला हवा.

दुसरा गैरसमज पालकांचा. जोर-बैठका मारल्या, वजन उचलले की अंग आखडते, खो-खोच्या मुलीला तर ते नकोच, असे अजून सर्रास ऐकू येते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक जिंकताना वेटलिफ्टर मीराबाई चानूने स्नॅचमध्ये, म्हणजे जमिनीवरून एकाच झटक्यात, ८७ किलो डोक्यावर पेलले. तो भार वर धरून पूर्ण बैठकीत उतरायला घोटे, खुबे आणि खांदे किती मोकळे लागत असतील! दंड फार फुगले तर कोपर पूर्ण मिटत नाही, पोट सुटले तर वाकताना ते मांडीला अडते, एवढे खरे. पण शाळकरी पोरांचे स्नायू तितके कुठे फुगतात? सांधा पूर्ण फिरवून केलेला ताकदीचा व्यायाम लवचिकता वाढवतो. अर्धवट, घाईत मारलेल्या बैठका मोजू नयेत.

शिवाय खेळात उपयोगी पडते ती स्वतःच्या बळावरची लवचिकता. दुसऱ्याने धरून पाय कानापर्यंत नेला, पण स्वतःला तो कमरेच्या वर उचलता येत नाही, तर कबड्डीच्या चढाईत गडी पायाने टिपणार कसा? खो-खोत खांबावर झेप घेणाऱ्या खेळाडूचे शरीर हवेत ताणलेले असते, तिथे कंबर आणि पोटाची पकड नसेल तर मोकळ्या खुब्यांचा उपयोग नाही. उलट ज्यांचे कोपर मागे वळते, अंगठा मनगटाला टेकतो, अशा मुलांचे आपण कौतुक करतो. त्यांना आणखी ताणायची गरज नसते, सैल सांधे सांभाळण्यापुरती ताकद आधी हवी.

मांडीमागच्या स्नायूसाठी एक व्यायाम कुठल्याही शाळेत बिनखर्चाचा होतो. गुडघे टेकून उभे राहायचे, जोडीदाराने घोटे धरायचे आणि धड शक्य तितके सावकाश पुढे सोडायचे. सुरुवातीला चार-पाच वेळाच पुरे. दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात, पण या सरावाने तो स्नायू बळकट होतो आणि लांबतोही. सामन्याच्या तोंडावर मात्र एकाच ताणात मिनिटभराहून जास्त थांबू नये, उडीतला जोर थोडा कमी होतो.

क्रीडाशिक्षकांना आणि जिल्ह्याच्या क्रीडा विभागाला एवढीच विनंती : चाचणी घेताना मुलाला आधी पाठ भिंतीला टेकवून हात पुढे करायला सांगा आणि बोटे जिथे येतील तिथे शून्य धरा, म्हणजे हातापायांच्या लांबीचा फरक बराचसा निघून जाईल. आणि नोंदवहीत उंचीच्या शेजारी बसलेल्या उंचीचा रकाना आखून तो दर तीन महिन्यांनी भरा, म्हणजे पाय वाढताहेत की धड ते कळेल.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग