इंजिन बदलून द्या, पण जुने इंजिन आधी उघडून दाखवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

महागड्या एसयूव्हींची इंजिने चालत्या रस्त्यावर बंद पडत असल्याच्या मालकांच्या तक्रारींवर सध्या बरेच बोलले जात आहे. त्यात दोनच सूर ऐकू येतात. मालक म्हणतो, कंपनीने सदोष माल गळ्यात मारला. सर्व्हिस सेंटर म्हणते, ऑइल वेळेवर बदलले नाही, गाडी रगडली. इंजिन उघडून पाहायची तसदी मात्र कोणी घेत नाही. बिघाडाचे कारण बेअरिंगवर, क्रँकवर (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरत्या गतीत बदलणारा दांडा) आणि ऑइल फिल्टरमध्ये स्पष्ट उमटलेले असते. ते कोणी पाहण्याआधीच जुने इंजिन पेटीत बंद होऊन कारखान्याकडे किंवा भंगारात जाते. इंजिन दुरुस्तीच्या कामातले लोक म्हणून या विषयाची तांत्रिक बाजू मांडावी, यासाठी हे पत्र.

जनरल मोटर्सच्या ६.२ लिटर व्ही-८ इंजिनाचे प्रकरण यात सर्वांत बोलके आहे. कॅडिलॅक एस्कलेड, जीएमसी युकॉन, शेव्हरोले टाहो, सबर्बन आणि सिल्व्हराडो-सिएरा पिकअप अशा गाड्यांत हे इंजिन बसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये चौकशी सुरू केली, तेव्हा त्यांच्या दफ्तरी ३९ तक्रारी होत्या. एप्रिलमध्ये कंपनीने २०२१ ते २०२४ या मॉडेल वर्षांच्या सुमारे ६ लाख गाड्या अमेरिकेत परत बोलावल्या आणि त्या वेळी स्वतःकडची नोंद उघड केली. कंपनीकडे २८,१०२ तक्रारी जमल्या होत्या. त्यांपैकी १४,३३२ प्रकरणांत गाडीची ओढच गेली होती, म्हणजे इंजिनाने चाकांना ताकद देणे थांबवले होते. ३९ आणि २८ हजार यांतली ही दरी मालकांनी नीट लक्षात घ्यावी. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर सांगितलेली तक्रार कंपनीच्या वहीत जाते, सरकारच्या नाही. इंजिनात बिघाड झाला की वाहन सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेकडेही चेसिस क्रमांकासह लेखी तक्रार करायलाच हवी.

या इंजिनांत दोन दोष आढळल्याचे कंपनीने कळवले. कनेक्टिंग रॉडवर (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) आणि क्रँकच्या ऑइल गॅलरीत, म्हणजे आतल्या ऑइल वाहिन्यांत, कारखान्यातला गाळ राहिला होता. शिवाय काही क्रँकशाफ्टची मापे आणि पृष्ठभागाची सफाई ठरलेल्या मर्यादेबाहेर होती. ऐकायला किरकोळ वाटते, पण इंजिनाचा जीव इथेच असतो. क्रँक पिन (क्रँकवर रॉड बसतो तो गोल भाग) आणि रॉड बेअरिंग यांच्यातली फट साधारण ०.०३ ते ०.०६ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. त्या फटीत दाबाने आलेले ऑइल क्रँकच्या फिरण्यामुळे पाचरीसारखे शिरते आणि पिनला उचलून धरते. स्फोटाचा पूर्ण जोर पिस्टनवर आला की काही ठिकाणी हा थर एक-दोन मायक्रॉनच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) उरतो. आता त्यात दहा मायक्रॉनचा धातूचा कण आला, किंवा पिनच जराशी लंबगोल असली, तर थर फाटतो आणि धातू धातूवर घासतो. निघालेला चुरा पुढच्या बेअरिंगकडे जातो. ऑइलची फट वाढते, दाब गळतो, उष्णता चढते आणि शेवटी बेअरिंगचे शेल (पिनभोवतीचे अर्धगोल अस्तर) जागचे सुटून फिरू लागते. ते फिरले की ऑइलचे भोक झाकले जाते. त्यापुढे रॉड तुटून ब्लॉकला भगदाड पडायला फार वेळ लागत नाही.

परत बोलावलेल्या गाड्यांपैकी तपासणीत पास झालेल्यांसाठी कंपनीचा उपाय असा : ०डब्ल्यू-२० ऐवजी ०डब्ल्यू-४० ऑइल, नवा फिल्टर, ऑइल भरण्याच्या तोंडाला नवे झाकण. ऑइल दाट केल्याने काय साधते? १५० अंश सेल्सियसला आणि जोराच्या घर्षणात मोजलेली किमान स्निग्धता २० ग्रेडला २.६ एकक असते, तर ०डब्ल्यू-४० ला ३.५, म्हणजे सुमारे एक तृतीयांश जास्त. त्यामुळे ऑइलचा थर जाड होतो आणि काठावर असलेले बेअरिंग वाचू शकते. हा फायदा खरा आहे. मात्र दाट ऑइलने लंबगोल पिन गोल होत नाही आणि गॅलरीत अडकलेला कण बाहेर येत नाही. म्हणून ‘ऑइल बदलले, आता निश्चिंत राहा’ एवढ्यावर मालकाने समाधान मानू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. अशा गाडीचे ऑइल डॅशबोर्ड सांगेल तेव्हा नव्हे, तर दर ८,००० किलोमीटरला बदलावे आणि प्रत्येक वेळी फिल्टर कापून पाहावा.

हा एका कंपनीचा प्रश्न नाही. टोयोटाने २०२४ मध्ये टंड्रा पिकअप आणि लेक्सस एलएक्स ६०० यांच्या सुमारे १ लाख २ हजार गाड्या अमेरिकेत परत बोलावल्या. ३.४ लिटर ट्विन-टर्बो व्ही-६ इंजिनात मशिनिंगचा चुरा राहून मेन बेअरिंग (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारे) निकामी होत होते. हायब्रिड प्रकार त्या यादीत नव्हते, कारण इंजिन बंद पडले तरी विजेच्या मोटरवर गाडी थोडी पुढे नेता येते. ह्युंदाईने २०१५ मध्ये २०११-१२ च्या सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा सेडान परत बोलावल्या, त्याही क्रँकच्या ऑइल मार्गातल्या चुऱ्यामुळेच. पुढे ह्युंदाई-किया यांनी इंजिनावर आधीच असलेल्या नॉक सेन्सरचाच (इंजिनातली थरथर टिपणारा सेन्सर) उपयोग करून बेअरिंगचा ठोका ओळखणारे सॉफ्टवेअर दिले. ठोका पकडला गेला की गाडी वेग मर्यादित करते आणि चालकाला इशारा मिळतो. लाखांच्या सेडानला जे जमते ते कोट्यवधींच्या एसयूव्हीला का देऊ नये, हा प्रश्न मालकांनी लावून धरायला हवा.

आता लक्षणे. रॉड बेअरिंगचा ठोका इंजिनाच्या खालच्या अंगातून येतो. गरम इंजिनावर १,५०० ते २,५०० आरपीएमच्या दरम्यान, ॲक्सिलरेटर हलकेच दाबताना किंवा सोडताना तो अधिक स्पष्ट ऐकू येतो. एकेका सिलिंडरचा इंजेक्टर किंवा स्पार्क स्कॅनरवरून बंद करत जावे. ज्या सिलिंडरला ठोका मंदावतो, त्याचा रॉड संशयित. लिफ्टरची (व्हॉल्व्ह उचलणारा भाग) टकटक वरून येते आणि तिचा ताल निम्मा असतो. चालू असताना काही सिलिंडर बंद ठेवणाऱ्या व्ही-८ इंजिनांत लिफ्टर निकामी होणे हा वेगळाच आजार आहे, त्याची आणि बेअरिंगची गल्लत करू नये. पी००१६ हा फॉल्ट कोड क्रँक आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ चुकल्याचे सांगतो. बहुतेक वेळा टायमिंग चेन ताणलेली असते किंवा कॅम फेजर (कॅमची वेळ मागेपुढे करणारा भाग) अडकलेला असतो, पण बेअरिंग सैल होऊन क्रँक हलू लागला तरीही हा कोड येतो. तेव्हा चेन बदलून कोड ‘पुसून’ गाडी परत दिली असेल, तर ऑइल प्रेशर स्वतंत्र मेकॅनिकल गेजवर मोजून मागावे.

ऑइलच्या लाल दिव्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. बऱ्याच गाड्यांत तो दाब पाच-सात पीएसआयवर (दाबाचे एकक) आला की लागतो, तोवर बेअरिंगचे नुकसान होऊन गेलेले असते. दिवा लागला तर गाडी सुरक्षित बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा आणि ‘एकदा लावून पाहू’ म्हणून पुन्हा सुरू करू नका. टो करूनच न्या. इंजिन आपोआप बंद पडले तर ब्रेक वारंवार पंप करू नये. साठलेला व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो, त्यामुळे एकदाच ठामपणे दाबून धरावा. विजेवर चालणारे स्टिअरिंग बॅटरी आहे तोवर साथ देते, हायड्रॉलिक मात्र लगेच जड होते.

डिपस्टिक नसलेल्या गाड्यांत ऑइलची पातळी स्क्रीनवरच दिसते. ती गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन गरम असताना, कंपनीने सांगितलेला वेळ थांबूनच बघावी. पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल, आणि डिझेलमध्ये पार्टिक्युलेट फिल्टरची (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) सफाई अर्धवट राहिल्यास डिझेल, ऑइलमध्ये उतरते आणि ते पातळ करते.

तक्रार लिहून देतानाही जपावे. जॉबकार्डवर ‘इंजिन आवाज’ एवढेच लिहू देऊ नये. ‘गरम इंजिन, २,००० आरपीएम, हलक्या ॲक्सिलरेटरवर खालून ठोका’ असे लक्षण, किलोमीटर आणि तारीख लिहून घ्यावी. निदान लिहून देऊ नये, ते काम सर्व्हिस सेंटरचे. बॅटरीची तार काढण्याआधी सर्व फॉल्ट कोड आणि त्यांच्यासोबत साठलेली त्या क्षणाची माहिती छापून घ्यावी. जुन्या सर्व्हिस बिलांवर ऑइलचा ग्रेड, कंपनी-मान्यतेचा क्रमांक, लिटर आणि फिल्टरचा पार्ट नंबर असेल तर ‘ऑइल वेळेवर बदलले नाही’ हा आक्षेप टिकत नाही.

ऑइलचा नमुना १०० मिली पुरतो. गरम इंजिनाचे ऑइल सोडताना सुरुवातीची आणि शेवटची धार टाळून मधली धार कोरड्या, स्वच्छ बाटलीत घ्यावी. तांबे, शिसे, कथील वाढलेले असेल तर बेअरिंग, लोह असेल तर क्रँक किंवा चेन, सोडियम-पोटॅशियम असेल तर कूलंटची गळती. सिलिकॉन म्हणजे धूळ, पण नव्या इंजिनात ते सीलंटमधूनही येते. एक मर्यादा मात्र सर्व्हिस सेंटर सांगत नाही. प्रयोगशाळेच्या नेहमीच्या चाचणीत साधारण पाच-आठ मायक्रॉनपर्यंतचेच कण मोजले जातात. डोळ्यांना दिसणारे तुकडे तिला दिसतच नाहीत. त्यामुळे अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून बेअरिंग ठीक, असे होत नाही. फिल्टर कापणे म्हणूनच अटळ आहे. तो हॅकसॉने कापू नये, करवतीचाच चुरा आत पडतो. फिल्टर कटरने टोपण उडवावे, कागदाच्या घड्या कापून व्हाइसमध्ये दाबून ऑइल काढावे, पांढऱ्या ताटात पसरून स्वच्छ रॉकेलने धुवावे आणि चुंबक फिरवावे. चिकटते ते लोखंड. न चिकटणारे चंदेरी पापुद्रे बेअरिंगच्या वरच्या थराचे किंवा ॲल्युमिनियमचे. तांबूस चमक दिसली तर वरचा थर झिजून आतले अस्तर उघडे पडले आहे.

इंजिन उघडले की खरी साक्ष शेल देतात. प्रत्येक शेलवर सिलिंडर क्रमांक आणि वरचे-खालचे अशी खूण करून, क्रमाने मांडून, पुढून-मागून फोटो काढावेत. परिघाच्या दिशेने बारीक चरे आणि अस्तरात रुतलेले कण म्हणजे घाण : नव्या इंजिनात ती कारखान्यातली, जुन्यात बहुधा फिल्टर-देखभालीतली. सगळे शेल सारखेच काळवंडून पुसले गेले असतील तर ऑइलचा पुरवठाच तुटला : पंप, पिकअपची जाळी, पातळी, इथे मालकाचीही जबाबदारी असू शकते. पण व्ही-८ मध्ये सात रॉडचे शेल चकचकीत आणि एकाचेच जळलेले असतील, तर ऑइल न बदलल्याचे कारण सहसा लागू पडत नाही. तेच ऑइल सातांना पुरले, आठव्याला का नाही? त्या पिनचे माप किंवा तिच्याकडे जाणारा ऑइलचा मार्ग, यांत दोष असण्याची शक्यता आधी तपासावी. एकाच कडेला झीज असेल तर पिन निमुळती घासलेली, समोरासमोरच्या दोन विरुद्ध कडांना असेल तर रॉड वाकलेला. मायक्रोमीटरने पिन चार दिशांना, दोन्ही टोकांजवळ मोजून आकडे कागदावर घ्यावेत. जळालेल्या पिनवरचे माप फसवे असते, म्हणून त्याच क्रँकच्या शाबूत पिनाही मोजाव्यात.

म्हणूनच आमचे म्हणणे असे : वॉरंटीत इंजिन बदलताना जुने इंजिन मालकाच्या किंवा त्याने नेमलेल्या तंत्रज्ञाच्या समोर उघडावे, शेलचे फोटो आणि पिनची मापे त्याला द्यावीत. दावा नाकारायचा असेल तर हेच पुरावे देऊन नाकारावा. आणि मालकानेही इंजिन खोलण्याच्या संमतीपत्रावर सही करतानाच ‘सुटे भाग, फिल्टर आणि ऑइल टाकू नयेत’ असे हाताने लिहावे.

राहिले नव्या इंजिनाचे. दुसऱ्यांदा बेअरिंग जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे जुना ऑइल कूलर तसाच जोडलेला असतो. त्याच्या अरुंद पात्यांत अडकलेला चुरा धुऊन निघत नाही, तो बदलावाच लागतो. टर्बोचे ऑइल पाइप, कॅम फेजरचे व्हॉल्व्ह आणि त्यांच्या जाळ्या, ऑइलच्या बाहेरच्या नळ्या यांचीही हीच गत. अर्धे इंजिन मिळाले, म्हणजे वरचे हेड जुनेच वापरले, तर हेडमधल्या ऑइल वाहिन्या आणि लिफ्टर उघडून साफ केल्याची नोंद बिलावर मागावी. पहिले ऑइल आणि फिल्टर १,००० ते १,५०० किलोमीटरला बदलून तो फिल्टर कापून पाहावा, आणि त्याचा फोटो तारखेसह जॉबकार्डाला जोडून घ्यावा.

आपले,
इंजिन दुरुस्तीच्या कामातले काही वाचक